कानसेनांची देवघेव

‘सध्या काय ऐकताय?’ अभिजात संगीताच्या दोन श्रोत्यांची गाठ पडली की ख्यालीखुशालीनंतर हमखास येणारा हा प्रश्न. उत्तरादाखल नुसते रागाचे नाव सांगून भागत नाही. कोणी गायलेला, कोणत्या साली, कोणत्या मैफलीत, तबल्यावर कोण होते आणि मुख्य म्हणजे प्रत मिळेल का, अशी चौकशी पाठोपाठ होते. एखाद्या रसिकाच्या दिवाणखान्यात आठ-दहा जणांनी जमायचे, प्रत्येकाने आपल्या संग्रहातील एखादे ध्वनिमुद्रण ऐकवायचे आणि मग चहा घेता घेता त्यावर वाद घालायचा, ही रीत पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत अनेक दशके चालत आलेली आहे. तिला पुढे ‘श्रवणसत्र’ असे भारदस्त नाव मिळाले. हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाची कितीतरी साधने या देवघेवीतून टिकली. काही साधने मात्र याच वर्तुळातील कंजूषपणामुळे नष्टही झाली.

ध्वनिमुद्रण नसले की काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. तोवर ग्रामोफोन भारतात येऊन वीस वर्षे झाली होती. तरीही बुवांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ यांचे १९४६ साली निधन झाले. त्यांचेही गाणे उरले ते शिष्यांच्या गळ्यात आणि समकालीनांच्या आठवणींत.

फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून सुमारे पन्नास वर्षे ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे राज्य होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर उलगडणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे विस्ताराला कात्री लावणे आलेच. म्हणून तबकडीवरचे गाणे ‘खरे’ नव्हे, असे मानणारा एक पक्ष श्रोत्यांत पूर्वापार आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अब्दुल करीम खाँ यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकून किती जण गाण्याकडे वळले, याची गणती नाही. त्यांच्यापैकी एका मुलाने गुरूच्या शोधात घर सोडले, आणि पुढे पंडित भीमसेन जोशी झाल्यावर ही हकिगत त्याने स्वतःच अनेकदा सांगितली.

या तबकड्या ऐकण्यातही एक खोच आहे. सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग नेमका ७८ फेऱ्यांचाच असे, असे नाही. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला, तर पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. पांढरी एकचा गवय्या काळी एकमध्ये गाऊ लागतो आणि आवाजाचा पोतही बदलतो. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असलेला बुजुर्ग श्रोता अशा वेळी यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो. श्रवणसत्रात ‘हे पट्टीत नाही’ म्हणून कोणी हात वर केला, तर त्याला चटकन गप्प करू नये.

फीत आली आणि तीन मिनिटांचे बंधन सुटले. १९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे ज्यांना परवडले त्यांनी रेडिओशेजारी स्पूल रेकॉर्डर मांडला. बाराशे फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने अर्धा तास पुरते. वेग निम्मा केला की तासभर भागते, मात्र आवाजाची प्रत घसरते. महागडी फीत वाचवण्यासाठी बहुतेक घरांत दुसराच मार्ग पत्करला गेला. या घरगुती मुद्रणांत खरखर आहे, मध्येच निवेदकाचे वाक्य तुटलेले आहे. तरीही मूळ फीत पुसून पुन्हा वापरली गेली असेल, तर तेवढाच काय तो पुरावा राहतो. कॅसेटने हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला आणि प्रतीवरून प्रत काढण्याचे युग सुरू झाले. दर प्रतीगणिक खरखर वाढत गेली, हा भाग निराळा.

खाजगी मैफलींच्या फितींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार कडक होत्या. त्यांच्याच भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाईंचे निधन झाले. कलाकाराने नको म्हटले असताना चोरून केलेले मुद्रण आज अमोल ठरते, म्हणून ते करणे योग्य होते काय? यावर रसिकांत आजही एकमत नाही. कायद्यापुरते सांगायचे, तर प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे आणि कलाकाराचा सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो. संकोच मात्र कायद्याच्या मुदतीने संपत नाही.

‘हे फक्त माझ्याकडेच आहे’ असे म्हणण्यात काही संग्राहकांना धन्यता वाटते. त्यांच्या पश्चात घरच्यांना त्या फितींचे काय करावे, हे कळत नाही. याउलट, मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने तबकड्या ऐकवणे आणि त्यांच्याविषयीची माहिती छापणे, हेच आपले काम मानले.

माहितीचे मोल येथे आवाजाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक आहे. राग, ताल, साथीदार, स्थळ, दिनांक, मूळ मुद्रण कोणाचे आणि हाती असलेली प्रत कितवी, एवढे वेष्टनावर लिहिलेले असेल, तर फीत इतिहासाचे साधन होते. नुसते ‘मारवा, उत्तम’ लिहिलेल्या फिती घरोघरी सापडतात. लिहिणाऱ्याला सारे ठाऊक होते. ऐकणाऱ्याने आता साथीच्या हार्मोनियमवरून काळ ओळखायचा!

जुनी स्पूल हाती लागल्यास ती लगेच यंत्रावर चढवू नये. बुरशी आहे का ते पाहावे. व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर फितीचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊ लागलेला असतो आणि वेळ थोडा उरलेला असतो. अंकीय प्रत काढताना ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट यांच्या खाली जाऊ नये. एमपी-थ्री ऐकायला ठीक, जतनासाठी नव्हे. संपूर्ण संग्रह सोपवायचा असेल, तर १९८२ साली स्थापन झालेले गुरुग्राम येथील ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी’ हे केंद्र खाजगी संग्रह स्वीकारते. मुद्रणे कोणाला व कशी ऐकू द्यायची, याच्या अटी संग्रह देणाऱ्याला घालता येतात.