शेगडीचे दुखणे आणि तिचा आकडा

विजेच्या शेगडीवर एखाद्या सकाळी ‘ई’ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा उमटतो, शिटी वाजू लागते, आणि भाताचे आधण मध्येच निवते. व्याख्यानाला हा विषय थोडा हलकाच, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण ज्या आस्थेने ऐकतो, त्याच आस्थेने चुलीचाही ऐकावा असे आमचे मत आहे. त्याला शिवडीसारखी सोयीची जागा मुंबईत दुसरी क्वचितच सापडेल. घासलेटाच्या टाक्या या बंदरकाठी उभ्या राहिल्या. वनस्पती तूप आणि साबण यांचे मोठे कारखाने १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत येथेच निघाले. म्हणजे मुंबईच्या रांधण्या-घासण्याचे पुष्कळसे साहित्य शिवडीतून शहरात जात असे, आणि ते भरणारा-उतरवणारा कामगार मात्र एका खोलीत आपली चूल मांडून बसलेला असे.

ती खोली कशी होती हे आधी पाहू. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधल्या. लोकांनी त्यांना ‘बीडीडी चाळी’ हे नाव दिले. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तिच्यातच निजणे, पाहुणा, बाळंतपण, आणि कोपऱ्यात स्वयंपाक. तेथे चुलीचे किंवा कोळशाच्या शेगडीचे काही बिघडले, तर ते सांगायला कोणी लागत नसे. ओली लाकडे धुराने कळत. राख साचली की निखारा मंदावे. खालच्या दारातून ती ओढून काढली की काम झाले. भुशाची शेगडी नीट ठासली नसेल तर मधूनच ढासळे. दुखणे आणि त्याचे कारण ही दोन्ही एकाच जागी डोळ्यांना दिसत.

पुढे स्टोव्ह आला. वातीवाचून, दाबाने घासलेटाची वाफ करून जाळण्याची ही युक्ती १८९२ साली स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट याने काढली, आणि त्याच्या ‘प्रायमस’ या नावाखाली ती जगभर गेली. (घासलेट हा शब्द इंग्रजी ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश समजतात, दिव्याच्या वायूचे नाव तेलाला चिकटले आणि तेलाच्या डब्यातून थेट स्वयंपाकात आले.) स्टोव्हचे दुखणे कानाला कळे. भरभर आवाज बसका झाला की छिद्रात कचरा, पिन मारायची. पंप पोकळ चालू लागला की आतले चामड्याचे वॉशर सुकले. त्याला तेलाचे बोट लावायचे. पिवळी ज्योत उसळली तर बर्नर नीट तापलेला नाही. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. सासूने सुनेला आणि शेजारणीने शेजारणीला ती दिली. स्टोव्हच्या भडक्याने पुष्कळ बायका भाजल्या हेही येथेच सांगितले पाहिजे. जुन्या साधनांची आठवण काढताना ही बाजू झाकणे आम्हाला योग्य वाटत नाही.

विजेचे मुंबईतील पहिले पाऊल फसले होते. १८८२ साली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. १९०५ साली नवी कंपनी निघाली, १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली, १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज गिरण्यांना मिळू लागली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने कंपनी आपल्या ताब्यात घेतली. तीच आपली ‘बेस्ट’. पण चाळीतल्या खोलीत वीज शिरली ती दिव्यासाठी, आणि कालांतराने पंख्यासाठी. तिच्यावर कोणी रांधील, हे तारा ओढणाऱ्याच्या हिशेबात नव्हते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

मग मातीच्या तबकडीत वेटोळी बसवलेली कॉइलची शेगडी आली. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकनाला १९०६ साली मिळाले, त्या तारेवर ही शेगडी चाले. कॉइल तुटली की कोठे तुटली ते दिसे. दोन टोके पिळून लोक ती पुन्हा चालू करीत. हे धोक्याचे होते, पण अगम्य नव्हते. भार वाढला तर चिनीमातीच्या किटकॅटमधली तार वितळे आणि मजल्यावर अंधार होई.

इंडक्शन शेगडीने मात्र सगळा रिवाज पालटला. तिचे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखविले. स्वयंपाकासाठी तिची रचना अमेरिकेत १९७० च्या सुमारास सिद्ध झाली. आपल्याकडे तिचा बोलबाला विशेष झाला तो २०१२ च्या सप्टेंबरनंतर, जेव्हा सरकारने सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले. पुढे ती मर्यादा वाढविली गेली, पण तोवर शेगडी घरात आली होती. काचेखालचे तांब्याचे वेटोळे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहून नेते, आणि त्यामुळे लोखंडी भांड्याचा तळच तापतो. आत ज्योत नाही, लाल झालेली तारही नाही. बघायला काही उरले नाही, म्हणून बघण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतले. काचेखाली उष्णता मोजणारा एक मणी असतो, दुसरा विजेच्या कळीपाशी. येणारा दाब मोजला जातो, भांडे आहे की नाही तेही तपासले जाते. यांपैकी काही बिनसले की यंत्र थांबते आणि आकडा दाखवते.

अक्षर ‘ई’च का? इंग्रजीत चुकीला ‘एरर’ म्हणतात हे एक कारण. दुसरे आम्हाला अधिक गमतीचे वाटते. आकडे दाखविणाऱ्या त्या खिडकीत सात प्रकाशरेघा असतात. इंग्रजी ‘के’, ‘एम’ किंवा ‘डब्ल्यू’ त्यांतून नीट काढता येत नाहीत, ‘ई’ मात्र पाच रेघांत स्वच्छ उमटतो. खरी अडचण त्यापुढच्या आकड्याची. त्याचा अर्थ सर्व कंपन्यांत एक नाही. एका शेगडीवर जो आकडा ‘भांडे नाही’ म्हणून येतो, तोच दुसरीवर ‘दाब कमी’ म्हणून. अर्थ सांगणारी पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते, आणि शेजारणीची शेगडी दुसऱ्या कंपनीची असल्याने तिची विद्याही लागू पडत नाही. शिवाय आकडा फार तर लक्षण सांगतो. ‘आत फार तापले’ हे खरे असले, तरी पंख्यात झुरळ मेले आहे, की मागची जाळी तेलकट धुळीने बुजली आहे, की शेगडी भिंतीला टेकली आहे, हे यंत्राला ठाऊक नसते.

तेव्हा घरच्या घरी पाहण्याचा क्रम असा. प्रथम बटण बंद करून खटका काढावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लोहचुंबक भांड्याच्या तळाला चिकटतो का पाहावे. तळ फुगलेला नसावा. मागची जाळी कोरड्या कुंचल्याने झाडावी. काचेला तडा असेल तर शेगडी मुळीच लावू नये. आतले आवरण उघडू नये. बंद केल्यावरही काही भागांत विजेचा साठा राहतो. एवढे करून तोच आकडा आला, तर दुरुस्तीकडे जाण्याआधी प्लग आणि पॉइंट हाताला गरम लागतात का ते पाहावे. येथेच बहुतेकांची नजर चुकते.

कारण साधे गणित आहे. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढते. ६० वॅटचे तेहतीस दिवे एकदम लावण्यासारखे ते झाले. तिला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि जाड तार हवी. दिव्या-पंख्याच्या बारीक तारेवर, सैल जोडावर ती लावली की जोड तापतो, दाब पडतो, आणि शेगडी ‘दाब कमी’ म्हणून थांबते. त्या वेळी शेगडीचे सांगणे बरोबर असते. गृहिणी मात्र शेगडीच दुरुस्तीला नेते, दुकानदार पैसे घेतो, आणि आठवड्याने तोच आकडा पुन्हा हजर होतो.

१९५६ च्या वीजनियमांनी पुरवठादारावर बंधन घातले होते, की घरगुती दाबात शेकडा सहाहून अधिक चढउतार होऊ नये. मीटरपर्यंतची तार त्याची. मीटरपुढची तार कोणाची, हा चाळींतला जुना प्रश्न. मालकाला भाडे नाममात्र मिळते, भाडेकरूला वाटते इमारत आज ना उद्या पडणारच. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (जुना डिलाइल रोड) येथील बीडीडी चाळींची पुनर्बांधणी म्हाडाने हाती घेतली, आणि वरळीच्या काही कुटुंबांना २०२५ साली नव्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदर न्यासाच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवर असल्याने त्या कामातून मागे राहिल्या. अशा घरात तार बदलायला हजारो रुपये कोणी घालावेत? निदान तोवर, पॉइंट गरम लागत असेल तर शेगडी कमी वॅटवर चालवावी, तिच्या जोडीला इस्त्री लावू नये, आणि परवानाधारक वायरमनला बोलावून मीटरपासून कोपऱ्यापर्यंत एकच स्वतंत्र तार ओढून घ्यावी. सगळ्या खोलीची तार बदलण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.