नवेगांव बांध आणि पाण्याचे कारागीर

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, नवेगांव बांध नांवाचें गांव आहे. सुमारे 11 चौरस किलोमीटर विस्ताराचें तेथील तळें प्रथमदर्शनीं निसर्गनिर्मित सरोवरच भासतें; कारण सभोंवार डोंगर आहेत, कांठीं अरण्य आहे, आणि हिवाळ्यांत दूरदेशचे पक्षी तेथें उतरतात. परंतु हें तळें माणसाच्या हातचें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी या पुरुषानें डोंगरांमधील मोकळ्या वाटा बांध घालून बुजविल्या आणि वाहून जाणारें पावसाचें पाणी अडवून धरलें, असें परंपरा सांगते.

कोलू पाटील हा एखादा एकाकी चमत्कार नव्हता. त्याच्या मागें एका संपूर्ण ज्ञातीचें कसब उभें होतें. रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या 1916 सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांत वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठमोठीं तळीं बांधणारे म्हणून कोहळ्यांचा मुद्दाम उल्लेख आहे. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून परततांना या लोकांना आपल्या मुलुखांत आणून वसविलें, अशी दंतकथा आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिचा आशय महत्त्वाचा आहे. आपल्या राज्यांत जमीन आणि पाऊस असूनही शेती पिकत नाहीं, उणीव आहे ती जाणत्या हातांची, हें राज्यकर्त्यानें ओळखलें.

केवळ हात आणून भागत नाहीं. ते टिकावे लागतात. त्यासाठीं गोंड राजांनीं योजिलेला उपाय अत्यंत साधा होता. जो जंगल तोडून तळें बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्यानें भिजणारी जमीन मिळावी, असा त्यांचा दंडक असल्याचें सांगतात. यांत एक मर्म आहे. तळें कच्चें बांधलें तर जमीन थोडी भिजे आणि लाभही थोडाच होई. तळें पक्कें बांधलें तर पुढील पिढ्याही खात. कारागिराचा स्वार्थ आणि कामाचा दर्जा हीं दोन्ही एकाच खुंटीला बांधलेलीं होतीं.

आतां त्या कसबाकडे पाहावें. कोहळ्यांजवळ दुर्बीण नव्हती आणि नकाशेही नव्हते. पाऊस पडत असतां पाणी कोठून येतें व कोठें रेंगाळतें, हें पाहूनच ते जागा निवडीत. मातीची पाळ उभारणें हा कामाचा केवळ पहिला भाग होय. तळें तुडुंब भरल्यावर पाणी पाळीवरून वाहूं लागलें कीं पाळ गेलीच म्हणून समजावें. म्हणून पाळीच्या एका टोंकास, कठीण जमिनीवर, अधिक पाणी निघून जाण्यास सांडवा ठेवीत. शेतांस पाणी सोडण्याच्या तोंडास या भागांत तुडुम म्हणतात. तुडुमांतून निघालेलें पाणी पाटानें धानाच्या बांध्यांत जाई. वरच्या तळ्याच्या सांडव्याचें पाणी खालच्या तळ्यानें झेलावें, त्याच्याहि खालीं एखाद्या लहानशा बोडीनें झेलावें, अशी ही सांखळी असे. उन्हाळ्यांत उघडा पडलेला गाळ गाडे भरभरून शेतांत जाई. त्यायोगें तळें खोल राही आणि शेत सकस होई. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून अशीं सहा हजारांहून अधिक जुनीं तळीं आजही मोजलीं जातात. एका प्रदेशांत एकच विद्या इतक्या दाटीनें नांदणें, यालाच उद्योगकेंद्र म्हणावयाचें.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास असाच प्रकार विसाव्या शतकांत घडला. 1910 सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि त्या ओसाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. गोंड राजा आणि औंधचे पंतप्रतिनिधी यांच्यामध्यें दोन शतकांचें अंतर आहे. पण दोघांनींही कर्त्या माणसास जमीन दिली, आणि पुढचें काम त्याच्यावर सोंपविलें.

नवेगांवच्या परिसरांतील ही विद्या मग कां ओसरली? इंग्रजी अमलांत, 1860 नंतरच्या जमाबंदीनें मालगुजारांना गांवांची मालकी मिळाली. या तळ्यांना मालगुजारी तळीं हें नांव त्यावरून पडलें. पाणी कोणीं, केव्हां व किती घ्यावें, याची वहिवाट वाजिब-उल-अर्जांत लिहून ठेवलेली असे. पुढें मध्यप्रदेशांतील मालकीहक्क निर्मूलनाचा कायदा 1950 सालीं झाला आणि 1951 च्या मार्चअखेर अमलांत आला. कुळांच्या दृष्टीनें तो न्यायाचा कायदा होता, यांत संशय नाहीं. परंतु मालगुजारांबरोबर तळ्यांचा राखणदारही गेला. तळीं सरकारजमा झालीं. पाणी कोणाचें आणि पाणीपट्टी कां द्यावी, यावरून वाद माजले. पाळ दुरुस्त करणें हें सर्वांचें काम होतें, तें कोणाचेंच उरलें नाहीं. गाळ सांचला आणि कांठावर बेशरमाचीं झुडपें माजलीं. तळ्यावर पोट असलेल्या धीवरांस मासे मिळेनासे झाले.

अलीकडे चित्र थोडें पालटलें आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें धीवरांच्या साहाय्यानें अनेक तळ्यांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हां लावल्या आहेत. नवेगांवचें अरण्य 1975 सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि 2013 सालीं व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें. याच खोऱ्यांत तिरोड्यास 3,300 मेगावॅट क्षमतेचें वीजकेंद्र आहे आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरास संरक्षण खात्याचा कारखाना आहे. नव्या उद्योगांची आणखीही स्वप्नें या प्रदेशास दाखविलीं जातात.

तीं जरूर साकार व्हावींत. परंतु जमीन, वीज व सडक दिल्यानें कारखाना उभा राहतो; केंद्र उभें राहण्यास, कसबी माणसाला आपल्या कामाच्या फळांत वांटा असावा लागतो आणि बांधलेल्या वस्तूची निगा राखण्याचा भार कोणीतरी नांवानिशीं उचलावा लागतो. हा वांटा होता तोंवर नवेगांवच्या भोंवतीं तळीं वाढत गेलीं. तो भार उतरला तेव्हां तीं गाळानें भरूं लागलीं. कोलू पाटलाची पाळ मात्र अजून उभी आहे, आणि तिच्या आड पाणीही आहे.