गाठीमागे एक रुपया

१९२० च्या सुमारास मुंबई सरकारने शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. गाठ म्हणजे दाबून बांधलेली रुई, साधारण १७८ किलोची. या पैशाचा मोठा वाटा गिरणी कामगारांच्या घरांसाठी होता, आणि त्यातूनच पुढे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. मुंबईतल्या घरांचा इतिहास सांगताना या रुपयाचा उल्लेख कोणी फारसा करत नाही. मी किन्हीराजाचा, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वावरात वाढलेला. मला तो विसरता येत नाही.

किन्हीराजा आज वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात आहे. त्या काळी आमचा मुलूख अकोला जिल्ह्यात आणि जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. मुंबई इलाख्याशी कारभाराचा संबंध नव्हता, पण कापसाचा होता. आजोबा सांगायचे, वेचणी झाली की बंडीत कापूस भरून अकोल्याकडे निघायचं. मुक्कामाला बैल सोडायचे आणि रात्रभर बंडीची राखण करायची. जिनात सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या, आणि जी.आय.पी. रेल्वेने वऱ्हाडचा माल मुंबईच्या गिरण्यांकडे, गोद्यांकडे जायचा. कर व्यापारी भरत असे हे खरं. पण ज्याने कापूस पिकवला त्याच्या भावातून तो कापला गेला नसेल, असं मला वाटत नाही.

मुंबईला घरांची निकड होतीच. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाटीची वस्ती पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, पण सुरुवातीची बरीच वर्षं पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, असाच हिशेब राहिला. घर गेलेली माणसं शेजारच्या चाळीत कोंबली गेली. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. पहिल्या महायुद्धात गिरण्या जोरात चालल्या आणि १९११ ते १९२१ या दहा वर्षांत शहराची वस्ती जवळजवळ दोन लाखांनी वाढली.

तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइडने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, काढलं. बॅकबेचा समुद्र हटवायचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, अशी दोन्ही कामं या एकाच खात्याकडे होती. बॅकबेचा घोटाळा के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. चाळींची गोष्ट मागे पडली. पन्नास हजारांऐवजी सोळा हजारांवर खोल्या झाल्या. एकूण २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. त्यातही वरळीच्या खोल्या बरीच वर्षं रिकाम्या पडून होत्या. तोवर कापडधंद्यात मंदी आली होती, वरळी गिरण्यांच्या वस्तीपासून एका बाजूला होती, आणि भाडं कामगाराच्या आवाक्याबाहेर होतं. सरकारने खोल्या मोजल्या. तिथे राहणाऱ्याचा पगार आणि त्याची कामावर जायची वाट मोजली नाही. सत्याग्रहाच्या काळात त्याच रिकाम्या चाळींचा तुरुंग झाला.

माझे काका पोलिसात होते. त्यांची खोली वरळीलाच, १६० चौरस फुटांची. चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. त्या बोळात भर दुपारीही दिवा लागायचा. कोपऱ्यात मोरी, वर काकांनी लाकडी फळ्यांचा केलेला माळा, संडास सामायिक. गावाकडून कोणी नोकरीला गेलं की पहिला मुक्काम तिथेच. काकू अख्ख्या मजल्याला पुरतील इतक्या भाकरी थापायच्या, असं आई म्हणायची. सरकारने ज्यांचा विचार केला नव्हता, त्यांची सोय त्या खोलीने केली.

पुढची धोरणंही याच वळणाने गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. राहणाऱ्याला आधार मिळाला, हे मी मनापासून मानतो. पण मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि भाड्याची घरं बांधणं जवळपास थांबलं. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी सिडको आली. १९७७ मध्ये म्हाडा झाली, त्यात आमचं विदर्भ गृहनिर्माण मंडळही विलीन झालं. २००१ ते २०११ या काळात मूळ मुंबई बेटाची लोकसंख्या तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांखाली आली. घरं महागली तशी माणसं बेट सोडून उपनगरांत आणि त्याहीपलीकडे गेली.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत बीडीडीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांची घरं, तीही मोफत. यासाठी कोणावर कर बसलेला नाही. त्याच जमिनीवर जास्तीची घरं बांधून बाजारभावाने विकायची आणि त्यातून खर्च भागवायचा, अशी योजना आहे. ही घरं मिळाली याचा मला आनंद आहे, चाळकऱ्यांनी त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली. पण विकायच्या घरांपैकी एकही, किन्हीराजाहून आज नोकरीला निघालेल्या पोराला परवडणार नाही. आमच्याकडे आता कापूस कमी आणि सोयाबीन जास्त. पोरं पुण्याला जातात, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत लागतात आणि चौघं-पाचजण मिळून एक खोली भाड्याने घेतात.