लबलब्यातली बेटे

उर्दूत स्वादुपिंडाला लबलबा म्हणतात. आम्ही फळ्यावर हा शब्द लिहिला की मुले हसतात. घरोघरी ‘शुगर’ आहे, पण तिच्यावर ताबा ठेवणारा कारखाना कुठे आहे ते फारसे कुणाला ठाऊक नसते.

१८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या तरुण विद्यार्थ्याला या लबलब्यात वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. पुढे त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणू लागले. इन्सुलिन हा शब्दही बेटाच्या लॅटिन नावावरूनच आला. १९२१ मधले टोरांटोचे बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग सर्वांना माहीत आहेत. पण पेशी हे रसायन तयार कसे करते, हे कळायला आणखी ४६ वर्षे लागली. आमच्या मते खरी रंगत तिथेच आहे.

१९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची रचना उलगडली होती. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या! पेशी त्या वेगवेगळ्या करून मग जोडत असावी, असा समज होता. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी इन्सुलिन तयार करणारी माणसाची एक दुर्मीळ गाठ मिळवली आणि तिच्या तुकड्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ले दिली. हाती लागले ते इन्सुलिनहून मोठे प्रथिन. १९६७ मध्ये उलगडा झाला की साखळी आधी अखंडच असते. ती दुमडते, गंधकाचे बंध तिला सांधतात आणि मग मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे सी-पेप्टाइड, कापून निघतो. शिंपी आधी शिलाई मारतो, जादा कापड नंतर कापतो, तसेच हे.

तयार माल पेशीत बारीक पिशव्यांत भरून राहतो. रक्तात साखर वाढली की ती पेशीत शिरून जळते, पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियमची उघडतात आणि पिशव्या पेशीच्या पडद्याला चिकटून बाहेर रिकाम्या होतात.

औषधाचे इन्सुलिन मात्र तेव्हा गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून येई. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फरक एकाच अमिनो आम्लाचा. म्हणूनच ते लागू पडे. पण आमच्या बुजुर्गांना सुईपेक्षा हा विचार जास्त टोचे. जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर शरीअतची सवलत आहे, हे माहीत असूनही मन खाई. १९७८ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून तिथे मंजूर झाले.

आणि स्टायनर यांचा तो कापलेला तुकडा? पेशीतून इन्सुलिनबरोबर तोही तेवढाच रक्तात उतरतो, इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये मात्र तो नसतो. त्यामुळे रोज सुई घेणाऱ्या माणसाची बेटे स्वतः अजून किती काम करतात, हे डॉक्टर सी-पेप्टाइड मोजून ओळखतात.