पुस्तक नसलेले कवी

मराठी कवितेच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की १८८५ हे साल भेटते. आधुनिक मराठी कवितेचा प्रारंभ येथून झाला, असे आपण शिकलो आणि तसेच शिकवतोही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हे साल इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्या वर्षी नेमके घडले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या वर्षी कोणताही युगप्रवर्तक कवितासंग्रह प्रसिद्ध झाला नाही, कोणता जाहीरनामा निघाला नाही, कोणते मंडळ स्थापन झाले नाही. एकोणीस वर्षांच्या कृष्णाजी केशव दामले नावाच्या विद्यार्थ्याने या सुमारास कविता लिहायला आरंभ केला आणि त्या आरंभीच्या लेखनात रघुवंशातील वेच्याचे भाषांतरही होते. एवढ्यावरून १८८५ साली कोणाला नव्या युगाची चाहूल लागली असेल, हे संभवत नाही.

पुस्तकांच्या हिशेबाने पाहायचे तर इतिहासाची मांडणी वेगळी होईल. सावित्रीबाई फुले यांचे 'काव्यफुले' १८५४ साली छापून निघाले होते. महादेव मोरेश्वर कुंटे यांचे 'राजा शिवाजी' १८६९मध्ये निघाले. ही पुस्तके कवींच्या हयातीत आणि त्यांच्या इच्छेने प्रसिद्ध झाली. ज्याच्या नावाने आपण युग मोजतो, त्या केशवसुतांचा संग्रह मात्र १९१७चा. तो हरि नारायण आपटे यांनी काढला, आणि तेव्हा कवीला जाऊन बारा वर्षे होत आली होती. म्हणजे लिहिण्याचे साल एक आणि पुस्तक हाती येण्याचे साल दुसरे; या दोहोंमध्ये बत्तीस वर्षांचे अंतर आहे. आपल्या वाङ्मयेतिहासाने हे अंतर फारसे मनावर घेतलेले नाही.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचा. शिक्षण रखडत झाले. १८८३-८४च्या सुमारास नागपुरास असताना नारायण वामन टिळकांशी गाठ पडली. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडले. नंतर मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. प्लेगने मुंबई सोडायला लावली, तेव्हा ते खानदेशात भडगावला आले. मग फैजपूरला, आणि १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून गेले. १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीस नातलगांकडे गेले असता त्याच प्लेगने त्यांना गाठले. वय एकोणचाळीस. त्यांचे छायाचित्रदेखील उपलब्ध नाही. (ज्या फैजपुरात केशवसुतांनी शिकवले, त्याच गावी १९०९ साली बा. सी. मर्ढेकरांचा जन्म झाला. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा. पण तो ध्यानात राहतो खरा.)

अशा फिरत्या आणि ओढगस्तीच्या संसारात पुस्तक काढणे जमले नाही, हे समजण्यासारखे आहे. पण कारण केवळ गरिबीचे नव्हते. त्या काळी छापखान्यांना कवितेचे वावडे होते असेही नाही. १८७८पासून 'काव्येतिहाससंग्रह' आणि पुढे निर्णयसागरचा 'काव्यसंग्रह' यांच्याद्वारे जुने कवी साक्षेपाने छापले जात होते. वामन, मोरोपंत यांच्या पोथ्या शोधून, ताडून, टीपांसह वाचकांपुढे येत होत्या. 'काव्य' म्हणजे जे पूर्वी होऊन गेले ते, अशीच सुशिक्षितांची धारणा होती. हयात कवीच्या सुट्या कवितांना ग्रंथाची योग्यता असते, ही कल्पनाच अजून रुजायची होती. दामल्यांच्या घरातलेच उदाहरण पाहा. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हे जाडजूड पुस्तक १९११ साली छापून निघाले. थोरल्या भावाच्या सव्वाशेच्या थोड्या वर असलेल्या कवितांना त्यानंतरही सहा वर्षे वाट पाहावी लागली.

मग या कविता वाचल्या कुठे गेल्या? नियतकालिकांतून. १८८७ साली जळगावी नारायण नरसिंह फडणीस यांनी 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. १८९०मध्ये हरिभाऊंचे 'करमणूक' निघाले, १८९५मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांचे 'मनोरंजन'. आधुनिक मराठी कविता वाढली ती या पानांवर, कादंबरीची प्रकरणे, चुटके आणि जाहिराती यांच्या शेजारी. वाचकाला एका वेळी एक कविता मिळे. पुढची कधी आणि कोठे येईल याचा नेम नसे. आज आपण केशवसुतांचा 'विकास' म्हणून जो शिकवतो, १८८८ची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न', १८८९ची 'मजुरावर उपासमारीची पाळी', १८९३ची 'तुतारी' आणि 'झपूर्झा' अशी जी चढती ओळ आपण फळ्यावर काढतो, ती त्या काळच्या कोणाही वाचकाला दिसणे शक्य नव्हते. ती आपल्याला दिसते, कारण केशवसुत कवितेखाली स्थळ आणि तारीख लिहून ठेवीत. 'तुतारी'खाली मुंबई, २८ मार्च १८९३ अशी नोंद आहे. या सवयीचे ऋण फार मोठे आहे. या तारखा नसत्या तर १८८५ हे सालही आपल्या हाती लागले नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १८८५ हे साल खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. ते कवीच्या वहीतले साल आहे, एवढेच म्हणायचे आहे. वहीतला इतिहास आणि वाचकांतला इतिहास हे दोन वेगळे इतिहास असतात, आणि केशवसुतांच्या बाबतीत आपण पहिला सांगून दुसरा सांगितल्याचे समाधान मानतो.

या दुसऱ्या इतिहासातली सर्वांत नवलाची गोष्ट अशी की 'केशवसुत संप्रदाय' पुस्तकावाचून तयार झाला. केशवसुत गेले तेव्हा राम गणेश गडकरी वीस वर्षांचे होते, त्र्यंबक बापूजी ठोमरे पंधरा वर्षांचे. गडकऱ्यांनी 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिल्या आणि स्वतःला अभिमानाने केशवसुतांचा चेला म्हणवून घेतले. गुरूचा संग्रह निघाला तेव्हा चेल्याचे नाव नाटककार म्हणून आणि कवी म्हणूनही गाजत होते. मासिकांच्या जुन्या अंकांतून, हाताने उतरवून घेतलेल्या कवितांतून, एकाने दुसऱ्याला म्हणून दाखवलेल्या ओळींतून ही दीक्षा झाली असली पाहिजे. अशा वाचनात निवड आपोआप होते. जे घोषणेसारखे आहे, जे मोठ्याने म्हणता येते, ते पुढे जाते. संकोचाने, अडखळत लिहिलेले मागे राहते. 'तुतारी'चे केशवसुत सर्वांना ठाऊक आणि घराच्या आठवणीने व्याकूळ होणारे केशवसुत अभ्यासकांपुरते, ही विभागणी समीक्षकांनी केली असे आपण समजतो. माझ्या मते तिची मुळे या पुस्तकापूर्वीच्या वाचनात आहेत.

१९१७चा संग्रह म्हणजे एका कादंबरीकाराने मित्रभावनेने केलेले काम आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणाऱ्या हरिभाऊंनी इतरांच्या कविता सांभाळण्यात किती आयुष्य घातले, याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. त्यांच्यामुळे केशवसुत विखुरलेल्या पानांतून एका बांधणीत आले. आणि हे काम अगदी वेळेवर झाले, असेच म्हणावे लागते. कारण त्यानंतरचे वर्ष-दीड वर्ष मराठी कवितेवर कोसळल्यासारखे आले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गडकरी गेले. 'भावबंधन' शेवटच्या आजारात हातावेगळे झाले, 'राजसंन्यास' अपुरे राहिले. ३ मार्चला स्वतः हरिभाऊ. ९ मे १९१९ रोजी मुंबईत रेव्हरंड टिळक. वर्षभरात तीन कवी आणि त्यांच्या आधीच्याला पुस्तकात आणणारा संपादक, असे चौघे नाहीसे झाले. हरिभाऊंनी आणखी दोन वर्षे दिरंगाई केली असती तर हे काम कोणाच्या हाती गेले असते?

त्यानंतर मराठी कवितेत जे घडले त्याला उत्तरक्रियाच म्हटले पाहिजे. गडकऱ्यांची 'वाग्वैजयंती' १९२१मध्ये निघाली. बालकवींच्या हयातीत संग्रह नव्हताच. त्यांची कविता इतरांनी जमवली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' जेमतेम आरंभीच्या अध्यायांपर्यंत पोचले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, साठाहून अधिक अध्याय रचून. ज्या बाईला नीट शाळा मिळाली नाही, तिने नवऱ्याचे महाकाव्य पुढे चालवावे, आणि इतिहासाने त्याची नोंद 'टिळकांचे ख्रिस्तायन' अशी करावी, यावर भाष्य नको. 'स्मृतिचित्रे'चे यश एवढे उदंड की लक्ष्मीबाईंची कवयित्री म्हणून वेगळी चर्चा करण्याची गरज कोणाला भासली नाही. त्याच 'स्मृतिचित्रां'त, अहमदनगरच्या घरी राहिलेला पोरसवदा ठोमरे जिवंत दिसतो; त्याच्या कवितेवरच्या पुष्कळशा प्रबंधांत तो तसा सापडत नाही.

दत्तांचे उदाहरण तर मनाला चटका लावणारे. दत्तात्रेय कोंडो घाटे १८९९ साली चोविसाव्या वर्षी वारले. मुलगा विठ्ठल तेव्हा चार वर्षांचा. हाच मुलगा मोठा होऊन शिक्षणतज्ज्ञ आणि ललित लेखक वि. द. घाटे झाला, आणि ज्यांचा चेहराही धड आठवणे कठीण अशा वडिलांची कविता त्याने पुस्तकरूपाने आणली. येथे मुलगाच वडिलांना वाङ्मयात जन्म देतो.

अशा परक्या हातांनी झालेल्या पुस्तकांत एक प्रश्न उरतोच, आणि वर्गात तो बाजूला सारला जातो: आपण वाचतो ती संहिता नेमकी कोणाची? साधे शुद्धलेखन घ्या. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पुष्कळ ऱ्हस्व-दीर्घ बदलले. केशवसुत 'नाहीं', 'कांहीं' लिहीत. आजच्या काही आवृत्त्या ते नव्या पद्धतीने छापतात, काही जुने ठेवतात, काहींत दोन्ही एकाच पानावर आढळतात. अक्षरगणवृत्तात ऱ्हस्वाचा दीर्घ झाला की वृत्त कोलमडते, आणि विद्यार्थी कवीलाच दोष देतो. भवानीशंकर पंडितांसारख्या संपादकांनी या कवींच्या समग्र आवृत्त्यांसाठी परिश्रम घेतले, रा. श्री. जोगांनी 'केशवसुत काव्यदर्शना'त अर्थनिर्णयाचे मोठे काम केले. तरी पाठांतर म्हणून गावोगाव चाललेली 'तुतारी' आणि छापील 'तुतारी' यांत फरक किती, हे ताडून पाहण्याची सवय आपल्या विद्यापीठांना लागली नाही. मोरोपंतांच्या पाठभेदांवर वाद घालणारी पिढी होऊन गेली. केशवसुतांच्या पाठभेदांवर वाद झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

सारेच अल्पायुषी होते म्हणून असे झाले, हे उत्तर पुरेसे नाही. नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजे 'बी', केशवसुतांहून सहाच वर्षांनी लहान. त्यांना पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचाही पहिला संग्रह 'फुलांची ओंजळ' निघाला तो १९३४ साली, साठी उलटल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तोवर काळ पालटला होता. १९२३ साली रविकिरण मंडळाने 'किरण' काढून कवींनी आपली पुस्तके आपणच छापायची, आपणच गावोगाव म्हणून दाखवायची, असा पायंडा पाडला. पुस्तक ही कवीची पहिली पायरी झाली. आज ती इतकी पहिली झाली आहे की पाच-सात वर्षे मासिकांतून लिहून मग संग्रह काढणारा कवी जुन्या वळणाचा वाटावा.

'काव्यरत्नावली'च्या जळगावचा उल्लेख वर आला. पहिले मराठी कविसंमेलन याच गावी १९०७ साली भरले, आणि कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखालील त्या संमेलनात सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले. केशवसुतांनी शिकवलेले भडगाव आणि फैजपूर याच मुलखातले. बालकवी गेले ते भादलीही येथलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही दशके छापील मराठी कवितेचा एक पत्ता जळगाव हा होता. त्याच वर्षांत, त्याच गावात, सत्तावीस वर्षांची एक शेतकरी सून जात्यावर आणि शेतात ओव्या रचीत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. फडणिसांच्या मासिकाला तिचा पत्ता लागला नाही, लागण्याची सोयही नव्हती. बहिणाबाई चौधरी १९५१च्या डिसेंबरात वारल्या. चिरंजीव सोपानदेवांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यालाही प्रस्तावना अत्र्यांचीच होती.