बोटीचं जुनं इंजिन स्लोवर बंद पडतंय? स्क्रू फिरवण्याआधी काय तपासायचं

भोर तालुक्यातलं भाटघर असो की वेल्हे (आता राजगड) तालुक्यातलं पानशेत, जलाशयात जुनी पेट्रोल बोट चालवणाऱ्यांना एक तक्रार हमखास माहीत असते. पूर्ण वेगात इंजिन झकास चालतं. काठाजवळ रेस कमी केली की मात्र ते थरथरतं, 'मिसिंग' मारतं आणि गिअर टाकताच बंद पडतं. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. पण तो सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो.

(ही माहिती कार्बोरेटर असलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डिझेल लाँचला कार्बोरेटर आणि स्पार्क प्लग दोन्ही नसतात, त्यामुळे तिथे तपासणी वेगळी असते.)

हा दोष किरकोळ का नाही?

बोटीला ब्रेक नसतो. काठाला लागताना वेग कमी करायचा तर रिव्हर्स गिअर टाकावा लागतो आणि गिअर बदलायचा तो इंजिन स्लोवर असतानाच. नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं तर बोट वाऱ्याच्या ताब्यात जाते आणि लाटांना आडवी होते. मोठ्या जलाशयावर वारा अचानक वाढला की काय होतं, हे २१ मे २०२४ रोजी उजनीत दिसलं. तिथे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जणांचा मृत्यू झाला.

इंजिन बंद पडू नये म्हणून काही जण स्लो वाढवून ठेवतात. त्याने दोष झाकला जातो, सुटत नाही. जास्त रेसवर गिअर टाकला की बोटीला हिसका बसतो, उभा माणूस पडू शकतो आणि गिअरचे दातेही झिजतात.

त्रास स्लोवरच का होतो?

वेगात असताना कार्बोरेटरच्या मोठ्या मेन जेटमधून पेट्रोल येतं. स्लोवर थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते आणि पेट्रोल पायलट जेटच्या, म्हणजे स्लो जेटच्या, अगदी बारीक छिद्रातून येतं. तिथे थोडा कचरा अडकला किंवा कुठून तरी जादा हवा शिरली की हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. म्हणून 'वेगात ठीक, स्लोवर खराब' हे लक्षण दिसलं की संशय आधी या बारीक वाटेवर घ्यायचा.

पावसाळ्यानंतर तक्रार का वाढते?

पावसाळ्यात बोट काही महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो. पायलट जेट बुजतं ते यानेच.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. शिवाय अशा इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतात किंवा फाटतात.

तपासणीचा क्रम

स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात.

१. टाकी आणि नळी: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल येईनासं होतं. इंजिन अडखळत असताना नळीवरचा हातपंप, म्हणजे रबरी बल्ब, दाबून पाहा. त्याने इंजिन सावरलं तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात आहे.

२. पेट्रोल: टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बदला आणि फिल्टर साफ करा. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचं प्रमाणही तपासा. ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. आपल्या इंजिनाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये पाहावं.

३. प्लग: काळा, ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरट प्लग म्हणजे हवा जास्त. एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसला तर प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब आहे. चालू इंजिनाची प्लगची वायर हाताने काढू नये. शॉक बसतो आणि इग्निशनचा भागही जळू शकतो.

४. हवेची गळती: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटवर साबणाचं थोडं पाणी सोडा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे.

५. कार्बोरेटर: एवढं करूनही फरक पडला नाही तर तो उघडून साफ करावा. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा वापरावी. फ्लोट आणि त्याची सुईही पाहावी.

स्क्रू कधी फिरवायचा?

सगळ्यात शेवटी आणि इंजिन गरम झाल्यावर. आधी स्क्रू किती फेऱ्या उघडा होता ते मोजून लिहून ठेवावं. काही कार्बोरेटरवर हा स्क्रू पेट्रोल कमी-जास्त करतो, काहींवर हवा. त्यामुळे आत फिरवल्याचा परिणाम उलटाही असू शकतो. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये.

सेटिंग बोट पाण्यात, काठाला घट्ट बांधून आणि गिअरमध्ये ठेवून तपासावं. पाण्याबाहेर नळ लावून केलेलं सेटिंग पाण्यात उतरल्यावर बदलतं. थंड करणारं पाणी नसताना तर इंजिन चालूच करू नये.

पेट्रोल वाचवण्यासाठी मिश्रण फार पातळ करणंही महागात पडतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे पिस्टन जाम होऊ शकतो.

कोकणातून आणलेल्या बोटीबाबत उलटा त्रास संभवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर हवा साधारण ५ ते ६ टक्के विरळ असते. त्यामुळे किनाऱ्यावरचं सेटिंग इथे किंचित जास्त पेट्रोल देतं.

मेकॅनिककडे कधी जावं?

सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, ठिणगी येत-जात असेल किंवा दोन-तीन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचे असतील तर ते अनुभवी मेकॅनिकचं काम आहे.

दोन खबरदाऱ्या

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. इंजिन बोटीच्या आत असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय आणि हवा खेळती केल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

काढलेलं पेट्रोल किंवा क्लीनर पाण्यात ओतू नये. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याला प्यायला जातं आणि भाटघरचं पाणी नीरा कालव्यांतून शेतीला. काढलेलं इंधन डब्यात भरून गॅरेजला द्यावं.

पावसाळ्यात बोट बंद ठेवण्याआधी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवलं आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, तर पुढच्या हंगामात यातली बरीच कटकट टळते.