एका शब्दाची सव्वाशे वर्षे

२८ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत भरली. जागा होती अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या आणि १६६ माणसांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याची शेवटची चकमक याच इमारतीत झाली होती. मृतांना आदरांजली वाहून समितीने दहशतवाद्यांकडून होणाऱ्या नव्या तंत्रज्ञानाच्या वापराची चर्चा सुरू केली. दुसऱ्या दिवशी बैठक दिल्लीला गेली आणि तिथे एक जाहीरनामा संमत झाला.

मात्र या समितीच्या नावातच असलेल्या ‘दहशतवाद’ या शब्दाची सर्व राष्ट्रांनी मान्य केलेली सर्वसमावेशक व्याख्या तेव्हाही नव्हती, आजही नाही. समितीला जन्म देणाऱ्या २८ सप्टेंबर २००१ च्या ठरावाने दहशतवाद्यांना पैसा आणि आसरा देऊ नये, असे सर्व देशांना बजावले. दहशतवादी कोणाला म्हणावे, हे मात्र सांगितले नाही. याला केवळ मुत्सद्द्यांचा आळस म्हणून चालणार नाही. या मौनाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे.

१० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात सरोवराच्या काठी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिला लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने धार लावलेली कानस भोसकून ठार केले. हादरलेल्या इटलीने रोम येथे परिषद बोलावली. २४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात २१ राष्ट्रांचे प्रतिनिधी बंद दाराआड बसले. पहिलीच अडचण उभी राहिली ती ही, की अराजकवादी म्हणजे कोण? राजाच्या खुन्याला राजकीय गुन्हेगाराची सवलत मिळू नये, असा कायदा बेल्जियमने १८५६ मध्येच केला होता. तो सर्वांनी उचलावा, असा आग्रह झाला. राजकीय आश्रयाची आपली परंपरा सोडायला ब्रिटनने नकार दिला. प्रत्यक्ष हाती लागले ते पोलिसी कामकाज: संशयितांची शरीरवर्णने ठरावीक पद्धतीने नोंदवून एकमेकांना कळवणे आणि देशोदेशीच्या पोलिसांचा परस्पर संपर्क.

आश्रयाचे तत्त्व जपणाऱ्या या ब्रिटनचे वसाहतीतले वर्तन वेगळे होते. रोमच्या परिषदेआधी दीड वर्ष, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या. १९१८ चा रौलट समितीचा अहवाल मुंबई इलाख्यातल्या याच घटनांपासून सुरू होतो. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेल्स बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गाठला, तेव्हा आश्रयाचा प्रश्न थेट हेगच्या लवादापुढे गेला. फ्रेंच पोलिसाने त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केले यात अनियमितता झाली, तरी त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय २४ फेब्रुवारी १९११ रोजी लागला.

त्याच मार्सेल्समध्ये ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हेही प्राणास मुकले. कटाचे सूत्रधार इटलीत पकडले गेले. फ्रान्सने त्यांची मागणी केली, तेव्हा तूरिनच्या न्यायालयाने हा राजकीय गुन्हा असल्याचे सांगून ती फेटाळली. १८९८ साली अराजकवाद्यांविरुद्ध जगाला एकत्र बोलावणाऱ्या इटलीचेच हे न्यायालय!

प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेले. तीन वर्षांच्या खलानंतर १६ नोव्हेंबर १९३७ रोजी जिनिव्हात दहशतवादाच्या प्रतिबंधाचा करार तयार झाला. राज्याविरुद्ध केलेले आणि लोकांच्या मनात दहशत निर्माण करण्याचा हेतू असलेले गुन्हेगारी कृत्य, असा त्यातल्या व्याख्येचा गाभा होता. २४ देशांनी सही केली. ब्रिटन त्यांत नव्हता. पुढे या कराराला रीतसर मान्यता एकाच देशाने दिली, १ जानेवारी १९४१ रोजी. तो देश म्हणजे भारत.

अर्थात ‘भारत’ म्हणजे दिल्लीतले ब्रिटिश सरकार. लंडनला जो करार स्वतःसाठी नको होता, तो दिल्लीला हवासा वाटला, कारण चितगावच्या १९३० च्या शस्त्रागार हल्ल्यानंतर बंगालच्या क्रांतिकारकांनी सरकारला बेजार केले होते. करारातल्या व्याख्येत बळी होते राज्य. ते लोकसंमतीने चाललेले की तलवारीने मिळवलेले, हा प्रश्न तिला पडत नव्हता. महायुद्धात करार बारगळला, पण वसाहतीतून सुटलेल्या देशांच्या मनात त्या व्याख्येविषयीचा संशय राहिला.

तो १९७२ मध्ये उघड झाला. म्युनिच ऑलिम्पिकमधील इस्रायली खेळाडूंच्या हत्येनंतर प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा अनेक नवस्वतंत्र देशांनी स्वातंत्र्यलढे वगळण्याचा आग्रह धरला. डिसेंबरात झालेल्या ठरावाच्या शीर्षकातच दहशतवादामागच्या दैन्य आणि निराशेचा अभ्यास शिरला. १९९६ मध्ये स्वतंत्र भारताने सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला. तोही त्याच जागी अडला. परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांचे काय आणि देशांच्या लष्करांच्या कृत्यांचे काय, या दोन प्रश्नांपुढे तो सरकलेला नाही. एकेकाळी ज्यांच्याविरुद्ध व्याख्या रचली गेली, त्यांचेच वारस आता व्याख्या मागत होते.

तरीही हा सारा काळ वाया गेला नाही. कर्त्याचे नाव आणि हेतू बाजूला ठेवून कृत्याकडे पाहिले, तेव्हा एकमत झाले: १९७० मध्ये विमान पळवण्याविरुद्ध, १९७९ मध्ये ओलिसांबाबत, १९९७ मध्ये बॉम्बस्फोटांबाबत. आणि १९९९ च्या अर्थपुरवठाविरोधी करारात एक मोलाचे वाक्य आले. लोकांना धाकात ठेवण्यासाठी किंवा सरकारला वाकवण्यासाठी नागरिकाला, लढाईत भाग न घेणाऱ्या माणसाला, ठार वा गंभीर जखमी करण्याच्या हेतूने केलेले कृत्य, असे त्याचे वर्णन आहे. १९३७ साली बळीच्या जागी राज्य होते. १९९९ साली तिथे माणूस आला.

आपल्यासाठी हा फरक शाब्दिक नाही. चापेकरांचे स्मरण करणाऱ्या समाजाला २६/११ चा निषेध करण्याचा अधिकार काय, असा सवाल कुणी टाकला तर भावनेने उत्तर देता येत नाही. पुण्यातल्या त्या रात्री रँडच्या मागोमाग आलेल्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, हे लपवूनही उत्तर देता येत नाही. उत्तर असेल तर ते बळी कोण या प्रश्नात आहे. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत सोजीर घुसवणारा सत्ताधारी अधिकारी आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारा प्रवासी यांना एकाच शब्दात कोंबणारी व्याख्या आपल्याला १९४१ मध्ये लादून दिली गेली होती. ती नाकारताना प्रवाशाला वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

रोममध्ये सम्राज्ञीचा शोक होता, जिनिव्हात राजाचा. गाठोडे उशाशी घेऊन फलाटावर बसलेल्या माणसाला कराराच्या मजकुरात शिरायला एक शतक लागले. पुढची व्याख्या त्याच्यापासून सुरू झाली, तर कदाचित ती पुरी होईल.